कामास योग्य कोण? कंबरदुखी, डॉक्टरचा दाखला आणि कामगाराचा हक्क

(विहारातील धम्मवर्गात एका डॉक्टरांनी कामगार उपासक-उपासिकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मवर्गात येऊन एका डॉक्टराने कंबरदुखीवर बोलावे, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ह्या विषयाची सुरुवात मला तथागतांच्या चरित्रातूनच करता येते. मज्झिम निकायात एक हकिगत आली आहे. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे सभागृह बांधले आणि त्याचा पहिला उपयोग भगवंतांनी करावा अशी विनंती केली. भगवंत तेथे गेले व रात्री बराच वेळ त्यांनी शाक्यांना उपदेश केला. नंतर त्यांनी आनंदाला सांगितले की, माझी पाठ दुखत आहे, मी थोडी विश्रांती घेतो, पुढचा उपदेश तू कर. आनंदाने उपदेश केला आणि तो संपल्यावर भगवंतांनी उठून त्याची प्रशंसा केली. पावा येथे मल्लांच्या सभागृहातही असेच घडल्याचे दीघ निकायात नमूद आहे. त्या वेळी हे काम सारिपुत्तावर सोपविण्यात आले.

बंधुभगिनींनो, ह्या लहानशा प्रसंगाचा नीट विचार करा. ज्यांना आपण शास्ता म्हणतो त्यांनी पाठ दुखत असल्याचे सांगण्यात कमीपणा मानला नाही. ऐकणाऱ्यांपैकी कोणी त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखविला नाही. काम बंद पडले नाही आणि काम करणाराही काढून टाकला गेला नाही. थोडा वेळ कामाची वाटणी बदलली, इतकेच. कंबर दुखत असलेला कामगार कामास योग्य आहे की नाही हे कसे ठरवावे, ह्याविषयी आजच्या वैद्यकशास्त्राला जे सांगावयाचे आहे, ते जवळजवळ ह्याच वळणाचे आहे.

आता एक ताजी हकिगत सांगतो. काही काळापूर्वी माझ्याकडे एक सफाई कामगार बाई आल्या. वय पंचेचाळिशीचे. रोज पहाटे ढकलगाडी घेऊन निघावयाचे, गल्लीतील कचरा भरावयाचा आणि भरलेला डबा उचलून मोठ्या गाडीत रिकामा करावयाचा, हे त्यांचे काम. एके दिवशी डबा उचलताना कंबरेत उसण भरली. माझ्याकडे येताना त्यांच्या हातात दोन कागद होते. एका डॉक्टरांनी लिहिले होते : तीन महिने संपूर्ण विश्रांती. दुसऱ्यांनी लिहिले होते : तपासले, फोटोत दोष नाही, कामास योग्य. बाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पहिला कागद दिला तर मुकादम माझ्या जागी दुसरी बाई घेतो. दुसरा दिला तर उद्याच तो डबा उचलायचा. मी कुठला देऊ?"

मी त्यांना विचारले, "बाई, ह्या दोघांपैकी कोणी तुमचा डबा किती वजनाचा आहे, हे विचारले का?" त्या म्हणाल्या, "कोणीच नाही."

बंधूंनो, दोन्ही कागदांतील दोष हाच होता. माणूस "योग्य" की "अयोग्य" एवढाच प्रश्न विचारावयाचा आणि काम काय आहे हे विचारावयाचेच नाही! आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. शतकानुशतके आपल्या बापजाद्यांना न तपासताच दाखले दिले गेले. मेलेली गुरे ओढण्यास योग्य, मैला वाहण्यास योग्य, वेठीस योग्य. आणि शाळेत बसण्यास अयोग्य, पाणवठ्यावर जाण्यास अयोग्य. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली स्पष्ट दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि ती माणसाची आवड व कुवत पाहून केलेली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपण तो जन्माचा दाखला फाडून टाकला. मग माणसाकडे व कामाकडे न पाहता दिलेला नवा दाखला, मग तो डॉक्टरच्या सहीचा का असेना, आपण मुकाट्याने का स्वीकारावा?

प्रथम कंबरदुखी म्हणजे काय ते समजून घेऊ. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लक्ष माणसांना हा त्रास होता असा अंदाज आहे. माणसाला काम करू न देणाऱ्या विकारांत ह्याचा क्रमांक वरचा लागतो. दहापैकी नऊ रुग्णांत दुखण्याचे एकच एक नेमके कारण बोट ठेवून दाखविता येत नाही. स्नायू, सांधे, मणक्यांमधील चकत्या, झोप, थकवा, चिंता ह्या सर्वांचा त्यात वाटा असतो. ह्यांतील बहुतेक दुखणी काही आठवड्यांत पुष्कळ कमी होतात. ती मागील जन्मीच्या पापाचे फळ नाहीत, कोणाची करणी नाही, आणि अंगाऱ्याने ती जात नाहीत. दुःखाला कारण असते व ते कारण शोधता येते, ही तर आपल्या धम्माची शिकवणच आहे.

परंतु काही खुणा अशा आहेत की त्या दिसताच कामाचा प्रश्न बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, पायांतील शक्ती झपाट्याने जाणे ह्या खुणा असतील तर एक दिवसाचाही विलंब नको. दीर्घकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री पडल्यावरही न थांबणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग, उंचावरून पडणे ह्यांकडेही दुर्लक्ष करू नये. आपल्या देशात मणक्याचा क्षय अजूनही आढळतो. तो औषधाने बरा होतो. परंतु "हमालाची कंबर दुखणारच" असे म्हणून वेळ दवडला तर पाय जाऊ शकतात. गरिबाचे दुखणे त्याच्या धंद्याच्या नावावर खपवून टाकणे हा निदानातील मोठा अपराध होय.

आता फोटोविषयी. आपल्या लोकांत अशी समजूत दृढ आहे की, एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये दोष निघाला तरच दुखणे खरे. साहेबलोकही हेच मानतात. पण वस्तुस्थिती काय आहे? १९९४ साली अमेरिकेत ९८ माणसांच्या कंबरेचे एमआरआय काढण्यात आले. ह्यांपैकी एकालाही कंबरदुखी नव्हती. तरीही निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के लोकांच्या एका तरी चकतीला फुगवटा होता. सर्व चकत्या निर्दोष अशी माणसे केवळ ३६ टक्के निघाली. ह्याचा अर्थ असा की, फोटोत दोष असूनही माणूस ठणठणीत काम करीत असतो, आणि फोटो स्वच्छ असूनही माणसाला वाकता येत नाही. फोटो गंभीर आजार शोधण्यासाठी असतो. वेदना फोटोत उमटत नाही. म्हणून "फोटोत काही नाही, सबब हा कामचुकार आहे" हा निष्कर्ष शास्त्राला धरून नाही.

ढोंग ओळखण्याच्या हव्यासाचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. ग्लासगो येथील अस्थिरोगतज्ज्ञ गॉर्डन वॅडेल ह्यांनी १९८० साली तपासणीतील काही खुणा प्रसिद्ध केल्या. त्या खुणा दिसल्या तर दुखण्यामागे केवळ शरीराचेच नव्हे तर मनाचेही कारण पाहावे, असा त्यांचा हेतू होता. परंतु पुष्कळ ठिकाणी त्या खुणांचा उपयोग खोटे बोलणारा कामगार पकडण्यासाठी होऊ लागला. अखेर स्वतः वॅडेल ह्यांनाच बजावावे लागले की, ह्या खुणांवरून ढोंग सिद्ध होत नाही. खरोखर पाहता, ज्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाही तो माणूस आपले दुखणे अधिक मोठ्याने सांगतो. त्याचा कण्हण्याचा आवाज वाढला म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

मग योग्य तपासणी कशी असावी? डॉक्टरने प्रथम कामाची चौकशी करावी. किती वजन, जमिनीवरून की कंबरेच्या उंचीवरून, दिवसातून किती वेळा, एकट्याने की दोघांनी? वाकून किती तास, उभ्याने किती तास? गाडीचे हादरे बसतात काय? मध्ये विसावा आहे काय? त्यानंतर मघाशी सांगितलेल्या धोक्याच्या खुणा पाहाव्यात. मग शीर दबली आहे काय हे पाहण्यासाठी पाय सरळ उचलून पाहावा, टाचांवर व चवड्यांवर चालावयास सांगावे, अंगठ्याची शक्ती तपासावी. शेवटी माणूस किती वेळ बसू शकतो, किती चालू शकतो, किती उचलू शकतो हे पाहावे. हे सारे झाल्यावरच लेखणी हातात घ्यावी.

आणि लिहावे काय? "हलके काम द्यावे" हे तीन शब्द मी शेकडो कागदांवर वाचले आहेत, आणि ते निरुपयोगी आहेत. मुकादमाच्या मस्टरवर "हलके काम" नावाचे काम नसते. मी त्या बाईंच्या कागदावर असे लिहिले : "सहा आठवडे दहा किलोहून अधिक वजन जमिनीवरून उचलू नये. भरलेला डबा दोघांनी उचलावा. झाडणे, चालणे व रिकामी गाडी ढकलणे ह्यांस हरकत नाही. तासाभराने पाच मिनिटे बसण्याची मुभा असावी. सहा आठवड्यांनी फेरतपासणी." ह्या कागदाने त्यांचा खाडा पडला नाही आणि कंबरही मोडली नाही. मुकादमाने पहिल्या दिवशी कुरकुर केली. परंतु काय करावयाचे ते कागदावर स्पष्ट असल्याने त्याला नाही म्हणता आले नाही.

ब्रिटनने ही दृष्टी नियमातच आणली. तेथे ६ एप्रिल २०१० पासून आजारपणाच्या जुन्या दाखल्याऐवजी नवा दाखला सुरू झाला. त्यात "कामास अयोग्य" ह्याच्या जोडीला "पुढील बदल केल्यास कामास योग्य असू शकेल" असा पर्याय आहे. हळूहळू कामावर परतणे, कामाचे स्वरूप बदलणे, वेळ बदलणे, कामाची जागा सोयीची करणे हे चार बदल डॉक्टर सुचवू शकतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतातून १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखीने चार आठवड्यांहून अधिक घरी असलेल्या कामगारांपैकी एका गटाच्या बाबतीत औषधोपचारासोबत कामाची जागाच तपासण्यात आली, आणि त्या विचारविनिमयात मालकाच्या माणसांबरोबर कामगार संघटनेचे प्रतिनिधीही बसले. हा गट नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या मानाने २.४ पट वेगाने आपल्या नियमित कामावर परतला. कामगाराची कंबर बरी करावयाची तर काही वेळा कामालाच औषध द्यावे लागते, हा त्याचा धडा आहे.

विश्रांतीविषयीही आपल्या कल्पना बदलावयास हव्यात. १९८६ साली अमेरिकेतील २०३ कंबरदुखीच्या रुग्णांपैकी काहींना दोन दिवस व काहींना सात दिवस अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला देण्यात आला. दोन दिवसांचा सल्ला मिळालेल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले आणि त्यांची प्रकृतीही दुसऱ्यांहून वाईट राहिली नाही. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवरील प्रयोगात, झेपेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लोक अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. तेव्हा "तीन महिने पडून राहा" हा सल्ला दयाळूपणाचा वाटला तरी हिताचा नाही. मात्र ह्याचा विपरीत अर्थ कोणी काढू नये. चालणे-फिरणे चालू ठेवा ह्याचा अर्थ शंभर किलोचे पोते उचला असा होत नाही. काम आरोग्याला हितकारक असते हे खरे; पण ते काम सुरक्षित असावे, ही अट त्यातून वगळता येणार नाही. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहण्याच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली. आपल्या हमाल बांधवांनी त्याहून कितीतरी अधिक ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहिले आहे.

आता हक्कांकडे वळू. आजारी कामगाराचे वेतन बुडू नये, हा विचार ह्या देशात कायद्यापर्यंत पोहोचला त्यात बाबासाहेबांचा वाटा आहे. १९४२ ते १९४६ ह्या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली प्रा. बी. पी. अदारकर ह्यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. हा कायदा आणि १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा संसदेने २०२० साली संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन करण्यात आले.

ह्या योजनेतील एक भेद प्रत्येक कामगाराने पाठ करावा. साध्या आजारपणात, वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर, वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. परंतु काम करीत असताना अपघाताने इजा झाली असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता ९० टक्के असतो, आणि त्याला ९१ दिवसांची मर्यादा नाही. मणक्याची चकती सरकण्याचा विकार दीर्घ आजारांच्या यादीत असून अटी पूर्ण असल्यास त्यासाठी ८० टक्के भत्ता अधिक काळ मिळू शकतो. आता पाहा : डबा उचलताना उसण भरली, तरी आमचा माणूस त्या दिवशी कोणाला काही सांगत नाही. घरी येऊन तेल चोळून झोपतो, आणि आठ दिवसांनी दवाखान्यात जाऊन म्हणतो, "कंबर दुखते." झाले! कामावरील इजेचे साधे आजारपण झाले. म्हणून ज्या दिवशी, ज्या घटकेला इजा झाली त्याच दिवशी ती अपघाताच्या वहीत नोंदवा, कोणासमोर घडले ते लिहा आणि डॉक्टरलाही तसेच सांगा. कायमचे अपंगत्व आले तर ते वैद्यकीय मंडळ ठरविते, आणि त्या मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर अपील करता येते, हेही ध्यानात असू द्या.

जे बंधुभगिनी शासनाच्या किंवा नगरपालिका-महानगरपालिकेच्या कायम सेवेत आहेत त्यांच्यासाठी आणखी एक ढाल आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या २० व्या कलमानुसार, सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही व खालच्या पदावरही आणता येत नाही. तो आपल्या पदाचे काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर त्याला न्यावे लागते. तसे पद रिकामे नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. प्रत्येक कंबरदुखी म्हणजे अपंगत्व नव्हे, हे खरे. परंतु मणक्याच्या इजेने पायाची शक्ती गेलेल्या माणसाला "अनफिट" असा शेरा मारून घरी पाठविणे हे कायद्याला धरून नाही. हा शेरा पाहून राजीनाम्यावर अंगठा उठविण्याची घाई कोणीही करू नये.

ठेकेदाराकडील कामगार, नाक्यावरचा मजूर, घरकाम करणाऱ्या भगिनी ह्यांच्यापर्यंत हे हक्क बहुतांशी पोहोचलेले नाहीत. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो हमालांनी संघटना उभारली म्हणून. "संघटित व्हा" हा बाबासाहेबांचा आदेश कंबरदुखीच्या औषधातही मोडतो, असे मी डॉक्टर म्हणून सांगतो. ठेकेदाराने तुमच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली असेल तर विमा क्रमांक मागून घ्या. एकट्याला मिळत नसेल तर दहा जणांनी मिळून मागा.

एक गोष्ट घरातील पुरुषमंडळींना सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. कामगाराला निदान दाखला मिळतो; त्याच्या घरच्या बाईला कोण दाखला देतो? पाण्याची कळशी, धुण्याचा पिळा, कडेवरचे मूल, आणि बाहेरचे काम ते निराळेच! तिची कंबर धरली तरी चूल पेटलीच पाहिजे, असा आपल्या घरातला नियम असेल तर आपणही त्या मुकादमाहून वेगळे नाही. भगवंतांनी पाठ दुखताच काम आनंदाकडे दिले. घरातील आनंदाने आणि सारिपुत्ताने पाण्याची कळशी उचलण्यास काय हरकत आहे?

शेवटी पंचशीलातील चौथ्या शीलाविषयी. असत्य भाषणापासून दूर राहण्याचे व्रत आपण घेतले आहे. दाखला हेही भाषणच होय. न तपासता "योग्य" लिहिणारा डॉक्टर हे शील मोडतो, आणि चार पैसे घेऊन "अयोग्य" लिहिणाराही मोडतो. बरे वाटत असताना लग्नकार्यासाठी कंबरदुखीचा कागद आणणारा कामगारही तेच करतो. आणि त्याच्या एका खोट्या कागदामुळे त्याच्या मागे उभ्या असलेल्या दहा खऱ्या दुखणाइतांवर संशय येतो. आपला शब्द खरा मानला जावा असे वाटत असेल तर तो आपण जपला पाहिजे.

तेव्हा डॉक्टरकडे जाल तेव्हा केवळ "कंबर दुखते" एवढेच सांगून थांबू नका. आपण काय उचलतो, किती उचलतो, किती तास वाकतो, हे सांगा. काय करता येते तेही सांगा. त्यात भीती बाळगू नका. दाखल्यावर काय लिहिले ते वाचून घ्या. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचवून घ्या. प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवा. आणि कोणी विचारले की, "तू कामास योग्य आहेस काय?" तर नम्रपणे पण ताठ मानेने उलट विचारा, "साहेब, हे काम माणसास योग्य आहे काय?"

नमो बुद्धाय! जय भीम!